नव्या घराच्या छतात तार ओढण्याआधी थांबा: उपनगरांतल्या रहिवाशांना कळकळीचं आवाहन

दसरा-दिवाळीच्या मुहूर्तावर नव्या घरात राहायला जायची घाई आत्ता अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या कितीतरी कुटुंबांना आहे. पुनर्विकासाला गेलेल्या इमारतींचे ताबे मिळताहेत, भाड्याच्या घरात वर्षानुवर्षं दिवस काढलेली माणसं किल्ल्या घेऊन आली आहेत आणि फर्निचर, रंग, पीओपी सगळं एकदम सुरू आहे. या गडबडीत एक काम हल्ली घरातलीच माणसं अंगावर घेऊ लागली आहेत. फॉल्स सीलिंगला भोकं पाडायची, स्लॅबखालून तारा ओढायच्या आणि आत बसणारे एलईडी डाऊनलाइट स्वतःच जोडायचे.

माझी हात जोडून विनंती आहे. हे काम तुमच्या घरी अर्ध्यावर असेल तर आज आहे तिथेच थांबवा. डीबीतला, म्हणजे घरातल्या विजेच्या वितरण पेटीतला, मेन स्विच बंद करा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा. दिवा तुम्ही निवडा, जागा तुम्ही ठरवा, भोकंसुद्धा हवी तर तुम्ही पाडा. नवी तार ओढणं आणि जोडणं मात्र त्याच्यावर सोडा. आणि त्यानं तपासणी करून दिल्याशिवाय ते छत बंद होऊ देऊ नका.

मी विजेच्या कामातला माणूस आहे. पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र घेऊन याच उपनगरांत कामं केली, कामं तपासली. स्वतःच्या हातानं घर उभं करण्याची हौस मला मनापासून आवडते. भिंतीला रंग द्या, कपाटाच्या बिजागऱ्या बसवा, पडद्याचे रॉड ठोका. चुकलं तर दिसतं, दुरुस्त करता येतं. छतातली तार तशी दिसत नाही. पीओपीचा शेवटचा हात फिरला की ती पुढची दहा-पंधरा वर्षं कुणाच्या नजरेला पडणार नसते, आणि तिच्याखाली पाळणा टांगलेला असतो, आजीचा पलंग असतो.

हे सगळं आत्ताच का वाढलं, तेही सांगतो. पंतनगर, डी. एन. नगर, गव्हाणपाडा, शिंपोली, कुठेही जा, तीन-चार मजल्यांच्या जुन्या इमारती पडून तिथे उंच टॉवर उभे राहत आहेत. बिल्डर घर देतो ते मोजक्या पॉइंटांसह. हॉलमध्ये दोन-तीन दिव्यांचे पॉइंट, एक-दोन पंख्यांचे, एक एसीचा. आणि मालकाच्या डोळ्यांसमोर असतो तो नमुना फ्लॅट, ज्याच्या छतात बारा-पंधरा डाऊनलाइट, कडेनं कोव्ह लाइट, मधून प्रोफाइल लाइटची रेघ. वायरमन पॉइंटमागे पैसे सांगतो. गृहकर्जाचा हप्ता आणि इंटिरियरवाल्याचं बिल यांनी आधीच कंबर मोडलेली असते. मग लोहार चाळीतून डाऊनलाइटचं खोकं येतं, मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला जातो, आणि रविवारी सकाळी घरातला कर्ता मुलगा घोडाशिडीवर चढतो. त्याची काटकसर मला समजते. पण घराच्या एकूण खर्चात ही बचत किती, याचा हिशेब त्यानं एकदा कागदावर मांडून बघावा.

कायदा याबाबतीत अगदी स्पष्ट आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे विनियम आधी २०१० साली आले, त्यांच्या जागी २०२३ साली नवे आले, आणि ही तरतूद दोन्हींत आहे. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरण किंवा एखादी फिटिंग बदलायला परवाना लागत नाही, मात्र त्या बदलानं मूळ जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. बाकी सगळं, म्हणजे नवं वायरिंग, वाढीव पॉइंट, फेरफार, दुरुस्ती, हे राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारानं, प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली, परवाना असलेल्या कामगाराकडूनच करून घ्यायचं आहे. रोजच्या भाषेत सांगायचं तर गेलेला डाऊनलाइट काढून त्याच भोकात, त्याच पॉइंटवर तसाच दुसरा बसवायची तुम्हाला मुभा आहे. एका पॉइंटचे आठ करायची नाही.

बरेच जण म्हणतात, 'आमचं मीटर आहे, बिल आम्ही भरतो, घर आमचं.' बरोबर आहे, आणि म्हणूनच जबाबदारीही तुमचीच. अंधेरी-बोरिवलीला बिल बहुतेकांना अदानीचं येतं, काहींना टाटा पॉवरचं, मुलुंड-भांडुपकडे महावितरणचं. कंपनी कुठलीही असो, तिची जबाबदारी मीटरपाशी संपते. मीटरच्या पुढचं वायरिंग घरमालकाचं. इमारतीला वीजजोडणी मिळाली तेव्हा परवानाधारक ठेकेदारानं वायरिंग तपासून टेस्ट रिपोर्ट दिलेला असतो. छतात मनानं तारा ओढल्या की त्या रिपोर्टमधलं घर आणि तुमचं घर ही दोन वेगळी घरं होतात. रेराखाली ताब्यापासून पाच वर्षं बांधकामातले आणि कामाच्या दर्जातले दोष दुरुस्त करून देण्याची जबाबदारी बिल्डरवर असते. तुम्ही वायरिंगला हात लावलेला दिसला की तो पहिलं बोट तिकडेच दाखवणार, हे लक्षात असू द्या.

आता धोक्याकडे वळतो, कारण कायद्याच्या भीतीपेक्षा कारण कळलेलं बरं.

'एलईडी म्हणजे लो व्होल्टेज, त्यानं काय होणार?' हा समज मला घरोघरी भेटतो. दिव्याच्या डब्यात त्याच्यासोबत एक छोटी पांढरी डबी येते, तिला ड्रायव्हर म्हणतात. तो घरातली २३० व्होल्टची वीज दिव्याला लागेल तशी करून देतो. म्हणजे ड्रायव्हरच्या एका अंगाला पूर्ण २३० व्होल्ट असतात, आणि जी तार तुम्ही छतातून ओढून तिथवर आणता ती याच २३० व्होल्टची. बाजारातल्या पुष्कळ स्वस्त ड्रायव्हरमध्ये दोन्ही बाजू एकमेकींपासून विलगही केलेल्या नसतात, त्यामुळे दिव्याकडची बाजूसुद्धा हात लावण्याजोगी राहत नाही. नऊ वॅटचा एक डाऊनलाइट चालायला साधारण ४० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. माणसाचा जीव वाचवण्यासाठी घराच्या डीबीत जो आरसीसीबी बसवतात तो ३० मिलिअँपिअरला पडावा असा बनवलेला असतो, कारण त्यापुढचा प्रवाह छातीतून काही क्षण जरी गेला तरी हृदयाची लय बिघडू शकते. खोलीतल्या सर्वात लहान दिव्याला पुरणारी वीज माणसाला मारायला पुरते. ऑक्टोबरच्या उकाड्यात, पंखा बंद ठेवून, घामानं भिजलेल्या हातांनी हे काम चालतं. ओल्या त्वचेचा रोध किती घटतो हे कुठलाही वायरमन सांगेल.

दुसरा समज: 'भिंतीवरचा स्विच बंद केला होता.' स्विच बंद म्हणजे तार मेली असं नाही. स्विच फेजमध्ये असायला हवा, पण कुणी चुकून तो न्यूट्रलमध्ये टाकला असेल तर स्विच बंद असतानाही दिव्यापर्यंत फेज जिवंत राहतो. त्याच जंक्शनमधून दुसऱ्या सर्किटची तार पुढे गेलेली असू शकते. बेडरूममध्ये टू-वे स्विच असतो. इन्व्हर्टर असेल तर मेन बंद केल्यावरही काही तारांत वीज येत राहते. आणि ज्या निऑन टेस्टरवर सगळ्यांचा भरवसा असतो तो लाकडी घोड्यावर उभ्या माणसाच्या हातात, भर उजेडात, पेटला तरी नीट दिसत नाही. कधी मेलेल्या तारेतही शेजारच्या तारेच्या प्रभावानं मिणमिणतो. जाणता वायरमन दोन टोकांचा टेस्टर वापरतो. आधी तो चालू पॉइंटवर लावून खात्री करतो, मग कामाच्या तारेवर, आणि पुन्हा एकदा चालू पॉइंटवर. या तीन हालचालींना एक मिनिटही लागत नाही. त्या मी कुठल्याही घरगुती प्रयोगात अजून पाहिलेल्या नाहीत.

आग कशी लागते, ते जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच शिकलेली माणसंही फसतात. आठ डाऊनलाइट बारा-बारा वॅटचे धरा. एकूण ९६ वॅट, म्हणजे अर्ध्या अँपिअरच्या आत. एवढ्या भाराला बारीक तारही पुरते, हे गणित बरोबर आहे. म्हणून मग दुकानातून पातळ, दोन पदरी लवचीक तार आणली जाते आणि जवळ सापडेल त्या पॉइंटवरून लूप घेतला जातो. जवळ बहुतेकदा एसीचा पॉइंट असतो, कारण तोही वर, छताजवळच असतो. त्या सर्किटवर २० किंवा २५ अँपिअरचा एमसीबी आहे. एमसीबीचं काम तारेला जपणं. तो एसीच्या जाड तारेच्या हिशेबानं निवडलेला आहे. उद्या त्या पातळ तारेत कुठे दोष निर्माण झाला आणि दहा-पंधरा अँपिअर वाहू लागले, तर एमसीबीच्या लेखी सगळं ठीकच आहे. तो पडणार नाही. तोवर तारेचं आवरण वितळतं, आणि हे सगळं बंद छताच्या आत, कुणाला वास येण्याआधी. दिवे मिणमिणते, भार नगण्य, आणि तरीही आग, ती अशी. मुंबईतल्या आगींच्या कारणांत विजेचा दोष वर्षानुवर्षं पुढे असतो. त्याला आपण शॉर्ट सर्किट म्हणून मोकळे होतो. पण त्या शब्दामागे अनेकदा कुणीतरी चुकीच्या जागेवरून घेतलेला लूप किंवा नुसता पिळून टेप गुंडाळलेला सांधा असतो.

याहून मला जास्त घाबरवणारी गोष्ट आरसीसीबीची. नव्या घरांत बहुतेक बिल्डर तो बसवून देतात, आणि बरं करतात. घरच्या घरी दिवे जोडणारा माणूस फेज घेतो एका सर्किटचा आणि न्यूट्रल हाताशी येईल तो, त्या आरसीसीबीखाली नसलेल्या दुसऱ्या सर्किटचा. स्विच टाकला की आरसीसीबी पडतो. तो नेमकं त्याचं काम करत असतो: गेलेला प्रवाह त्याच वाटेनं परत आला नाही हे त्यानं ओळखलेलं असतं. पण घरात काळोख, पाहुणे यायचे आहेत, रविवार संपत आला. मग कुणीतरी सांगतं, 'तो ट्रिपर खराब असेल, डायरेक्ट करून टाक.' आणि अख्ख्या घराचं संरक्षण काढून टाकलं जातं. दिवे छान लागतात. त्यानंतर त्या घरात गीझरमध्ये गळती झाली, वॉशिंग मशीनची बॉडी लाइव्ह झाली, तर थांबवणारं कुणी उरलेलं नसतं. तुमच्या घरात असं झालं असेल तर बाकीचं सारं बाजूला ठेवा आणि उद्या सकाळी पहिल्यांदा तेवढं पूर्ववत करून घ्या.

बोरिवलीतल्या एका नव्या घरात दिवे लुकलुकतात म्हणून बोलावणं आलं होतं. एक डाऊनलाइट खाली ओढला आणि भोकातून टॉर्च मारला. ड्रायव्हर एसीच्या तांब्याच्या पाइपवर आडवा पडला होता. पाइपवरचं काळं फोम दोन ठिकाणी फाटलेलं, तिथून दव धरून थेंब ओघळत होते, आणि ड्रायव्हरच्या कडेला हिरवट पांढरा बुरा साठला होता. पुढचा सांधा नुसता पिळलेला. त्यावरची टेप उष्णतेनं डिंक सोडून सैल झालेली, तांबं उघडं. आणि ती तार छताच्या पत्र्याच्या चॅनेलच्या कापलेल्या कडेवरून गेली होती, जिथे आवरणात नखाएवढी चीर पडली होती. घर ताब्यात घेऊन दोन पावसाळेही झाले नव्हते.

त्या चॅनेलबद्दल दोन शब्द जास्त लिहितो. जिप्सम बोर्डाचं छत पातळ जस्तलेपित पत्र्याच्या सांगाड्यावर टांगलेलं असतं. त्या पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या धारदार असतात. वरच्या मजल्यावरची चालफिर, एसीची थरथर, दारं आपटणं, यांनी तार रोज किंचित घासत राहते. आवरण कापलं गेलं की अख्खा सांगाडा जिवंत होतो, भिंतीपासून भिंतीपर्यंत, आणि त्याला अर्थिंग नसतं. खाली कुणाला काही कळत नाही. पुढे कधीतरी झुंबर लावायला किंवा पडद्याचा ट्रॅक बसवायला कुणी बिचारा येतो, त्याचा स्क्रू चॅनेलला लागतो, आणि तो वरून खाली पडतो. म्हणून तार कंड्युटमधूनच, म्हणजे संरक्षक नळीतूनच, जायला हवी, सांधे जंक्शन बॉक्समध्येच व्हायला हवेत, आणि चॅनेलला अर्थ जोडायला हवा.

छताचा माल काय आहे, तेही बघा. जिप्सममध्ये त्याच्या वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतकं पाणी स्फटिकरूपात असतं. आग लागली तर ते पाणी वाफ होऊन बराच वेळ उष्णता थोपवतं. प्लाय, लॅमिनेट, पीव्हीसीच्या पट्ट्या यांत तशी सोय नाही, आणि सध्या शोभेसाठी नेमकं तेच छतात भरलं जातं. अशा पट्टीला खेटून ड्रायव्हर ठेवू नका. स्लॅब आणि फॉल्स सीलिंग यांच्यामध्ये जेमतेम चार-सहा इंचांची पोकळी असते आणि तिथे हवा खेळत नाही. ड्रायव्हरला उष्णता सोडायला मोकळी जागा लागते.

स्लॅबच्या बाबतीत तर अजिबात धाडस नको. हल्लीच्या टॉवरमध्ये बऱ्याच ठिकाणी भिंती आणि स्लॅब ॲल्युमिनियमच्या साच्यात एकसंध ओततात. सगळे त्याला मायवान म्हणतात. विजेचे कंड्युट त्या काँक्रीटच्या आतच असतात. फॉल्स सीलिंग टांगायला फास्टनरची भोकं मारताना ड्रिल सरळ त्यांत घुसू शकतो. भिंतीला झिरी मारून नवी पट्टी काढणं हे तर अशा भिंतीत सळया उघड्या पाडणं आहे. ती भिंत इमारतीचा भार वाहत असते. घाटकोपरला दामोदर पार्कजवळची साईदर्शन इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळली आणि १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांमुळे ती पडली असा ठपका होता. छताचे दिवे आणि इमारतीचे खांब यांत फार अंतर आहे, हे मी जाणतो. पण 'माझ्या घरात मी काहीही करीन' ही वृत्ती दोन्हीकडे एकच, आणि तिचा भुर्दंड वरच्या-खालच्या मजल्यांनाही पडतो. बीम आणि कॉलमला भोक पाडायचं नाही, कुठल्याही कारणानं नाही. उंच इमारतींत छताखालून स्प्रिंकलरच्या नळ्या गेलेल्या असतात, धुराचे सेन्सर असतात. होल कटर लावण्याआधी त्या कुठून जातात ते बिल्डरच्या नकाशात बघून घ्या. शोभेसाठी स्प्रिंकलरचं तोंड छताआड झाकलंत तर आग लागल्यावर तो वेळेवर उघडणार नाही. स्वयंपाकघरात महानगर गॅसची पाइप उघडीच राहू द्या, फॉल्स सीलिंगमध्ये गाडू नका. तिला कुठे गळती झाली तर गॅस त्या पोकळीत साठेल, आणि तिथेच तुमचे सांधे असतील.

मग घरच्यांनी करायचं काय? पुष्कळ आहे. कागदावर खोली काढा आणि कुठे बसून वाचता, कुठे भाजी चिरता, मुलं अभ्यासाला कुठे बसतात, ते लिहा. दिवे त्याप्रमाणे ठेवा. पंख्याच्या पात्यांच्या वर दिवा आला तर खोलीभर उजेड फडफडतो, म्हणून पंख्याची जागा आधी पक्की करा. दिवे विकत घेताना डब्यावर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक बघा. छतात बसणाऱ्या एलईडी दिव्यांना आयएस १०३२२ आणि ड्रायव्हरला आयएस १५८८५ ही मानकं आहेत, आणि त्यांची नोंदणी सक्तीची आहे. डब्यावर 'आर' ने सुरू होणारा क्रमांक असतो. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकलात की खरा की खोटा ते तिथल्या तिथे कळतं. ड्रायव्हर वेगळा काढता येईल असाच दिवा घ्या, म्हणजे पुढे छत न फोडता बदलता येईल. भोकं स्वतः पाडायची असतील तर वायरमननं खुणा तपासल्यावर, मेन बंद ठेवून, नाकातोंडाला मास्क आणि डोळ्यांवर चष्मा लावून पाडा. दिव्याच्या डब्यावर दिलेल्या कटआउटच्या मापाचंच होल कटर घ्या; अर्धा इंच मोठं भोक झालं की क्लिप धरत नाही. ॲल्युमिनियमची शिडी नको, प्लास्टिकच्या खुर्चीवर खुर्ची तर मुळीच नको, आणि खाली धरायला एक माणूस हवाच.

वायरमन येईल तेव्हा त्याच्याशी नीट बोला. परवाना मागायला संकोच करू नका. खरा परवानाधारक तो अभिमानानं दाखवतो. दिव्यांचं सर्किट डीबीतून वेगळं काढा, त्याला ६ अँपिअरचा एमसीबी आणि १.५ चौरस मिलिमीटरची, आगीला दाद न देणारी तांब्याची तार असावी. एका दिव्यांच्या सर्किटवर दहा पॉइंट किंवा ८०० वॅट, यांपैकी जे आधी भरेल ते, हा आपल्याकडचा रुळलेला दंडक आहे. त्याच सर्किटचा न्यूट्रल, त्याच सर्किटचा अर्थ. काम झालं की छत बंद होण्यापूर्वी ५०० व्होल्टच्या मेगरनं इन्सुलेशन तपासून घ्या, वाचन किमान एक मेगओहम आलं पाहिजे. ही चाचणी ड्रायव्हर जोडण्याआधी व्हावी, नाहीतर ते जळतात. मग मोबाइलवर प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. पुढे कधी भोक पाडायचं असेल तर तार नेमकी कुठे आहे ते त्या फोटोंत दिसेल. हे सगळं झाल्यावर पीओपीवाल्याला हात फिरवू द्या. तो घाई करेल, त्याला दुसऱ्या साइटवर जायचं असतं. त्याचं ऐकू नका.

इथे आणखी एका माणसासाठी बोलायचं आहे. परवानाधारक ठेकेदाराला काम दिलं की प्रत्यक्ष घोड्यावर चढतो तो बहुधा अठरा-वीस वर्षांचा मदतनीस. पायात स्लीपर, हातात नुसती पक्कड, आणि 'साहेब, मेन बंद केला तर ड्रिल कसा चालणार?' म्हणून चालू लाइनवर काम. त्याला तसं करू देऊ नका. ड्रिलसाठी शेजारून किंवा जिन्यातून तात्पुरती लाइन घ्या, तीही आरसीसीबीमधूनच, आणि ज्या खोलीत हात चालतोय तिथला पुरवठा बंद ठेवायला लावा. डीबीवर 'काम चालू आहे' असा कागद चिकटवा, म्हणजे घरातलं कुणी नकळत स्विच वर करणार नाही. दुपारी त्याला पाणी आणि बसायला दहा मिनिटं द्या. थकलेल्या हातून चुका होतात. तो कुणाच्या तरी गावाकडच्या घराचा आधार आहे.

सोसायट्यांच्या सेक्रेटरींना आणि पुनर्विकास समित्यांना वेगळी विनंती. इंटिरियरच्या कामाला एनओसी देताना तुम्ही अनामत रक्कम घेता, डेब्रिज कुठे टाकायचं ते सांगता, दुपारी ड्रिल बंद ठेवायला लावता. त्याच अर्जात परवानाधारक ठेकेदाराचं नाव, परवान्याची प्रत आणि काम झाल्यावरचा टेस्ट रिपोर्ट मागा. अनामत तो रिपोर्ट आल्यावरच परत करा. बिल्डरकडून कंड्युटचे नकाशे आत्ताच, ताब्याच्या वेळीच मागून घ्या; वर्षभरानं ते सापडणार नाहीत. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार दर जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निसुरक्षा यंत्रणा ठीक असल्याचं फॉर्म 'बी' प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घेऊन द्यायचं असतं. त्या तपासणीच्या वेळी घरांतले स्प्रिंकलर फॉल्स सीलिंगआड गेलेत का, हेही बघायला सांगा.

ज्यांच्या घरी हे काम आधीच झालं आहे, आणि कुणी केलं ते आता कुणी सांगत नाही, त्यांनी आजच डीबी उघडा. आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं, ते दाबा. क्षणात त्याच्यावरच्या सगळ्या सर्किटांची वीज गेली पाहिजे. गेली नाही तर तो खराब आहे किंवा कुणीतरी डायरेक्ट केला आहे. ही चाचणी दर महिन्याला करा. दिवा बंद असताना मंद उजळत राहतो का, लुकलुकतो का, छताला कुठे पिवळा डाग किंवा गरम भाग आहे का, जळक्या प्लास्टिकचा किंवा मासळीसारखा वास येतो का, ते बघा. यांतलं काही असेल तर त्या सर्किटचा एमसीबी पाडून ठेवा आणि वायरमन येईपर्यंत वर करू नका. वरच्या घरातून गळती होऊन छत ओलं झालं असेल तरी तेच.

आणि कुणाला शॉक लागलाच, तर त्याला हात लावायला धावू नका, आधी मेन पाडा. मेन हाताशी नसेल तर कोरड्या लाकडी काठीनं किंवा प्लास्टिकच्या दांड्यानं त्याला तारेपासून दूर करा. १०८ ला फोन लावा. श्वास चालत नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० च्या गतीनं, पाच सेंटिमीटर खोल जाईल असं दाबत राहा, मदत येईपर्यंत थांबू नका. तो उठून बसला, 'काही नाही झालं' म्हणाला, तरी रुग्णालयात नेऊन ईसीजी काढा. आग असेल तर १०१. विजेच्या आगीवर पाणी टाकू नका, लिफ्ट वापरू नका, आणि निघताना खोलीचं दार ओढून घ्या, म्हणजे धूर जिन्यात भरणार नाही.

तुमच्या मजल्यावर, तुमच्या नात्यात, ऑफिसात नव्या घराचा ताबा आत्ता कुणाला मिळाला आहे, ते तुम्हाला माहीत आहे. त्यांच्या घरी छत अजून उघडं असेल. दिवाळीच्या फराळाचं बोलावणं येईपर्यंत थांबू नका, आज संध्याकाळी फोन करा आणि तीनच गोष्टी विचारा: तार कुणी ओढली, न्यूट्रल कुठून घेतला, आणि मेगर लावला का.